वाचकांचे प्रश्न : कानांनी वाचणारा सभासद

दृष्टिहीन व्यक्ती ऑनलाइन चर्चांमध्ये कशा भाग घेतात, याविषयी या महिन्यात बरीच पत्रे आली. त्यांतील सहा येथे घेतली आहेत. उत्तरे लिहिणारा स्वतः जन्मांध असून त्याचे रोजचे लेखन-वाचन लॅपटॉप आणि मोबाइलवरच चालते, एवढे आधी सांगून ठेवतो.

प्रश्न : आमच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटात साठेक सभासद आहेत. रोज संध्याकाळी एखाद्या लेखावर किंवा पुस्तकावर चर्चा होते. नव्याने आलेले एक गृहस्थ पूर्णपणे अंध आहेत, हे आम्हांला दोन महिन्यांनी समजले; तोवर त्यांच्या नेमक्या उत्तरांवरून कोणाला शंकाही आली नव्हती. त्यांना घरात कोणी वाचून दाखवते का? आणि हे त्यांना विचारणे बरे दिसेल का? — एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : अवश्य विचारा. चष्म्याचा नंबर विचारण्याइतकाच तो साधा प्रश्न आहे. त्यांना बहुधा कोणी वाचून दाखवत नसावे. त्यांच्या फोनमध्ये स्क्रीन रीडर नावाची सोय चालू असणार. ही सोय पडद्याचा फोटो काढून त्यावरची अक्षरे ओळखते, असा पुष्कळांचा समज असतो, पण ते खरे नाही. पडद्यावर कुठे मजकूर आहे, कुठे बटण आहे, कुठे लिहिण्याची चौकट आहे, ही माहिती फोनची यंत्रणा आतल्या आत स्क्रीन रीडरला पुरवते आणि तो ती कृत्रिम आवाजात बोलून दाखवतो. त्यामुळे पडदा दिसण्याशी त्याचे काही देणेघेणे नसते. हे उत्तर लिहीत असताना माझ्या लॅपटॉपचा पडदा पूर्ण काळा आहे आणि त्यामुळे माझे काहीही अडलेले नाही.

अँड्रॉइड फोनवर या सोयीचे नाव टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर. ती सुरू केली की बोटांचे नियम बदलतात. एका बोटाने स्पर्श केला तर वस्तू उघडत नाही, फक्त तिचे नाव ऐकू येते. उघडायची असेल तर पडद्यावर कुठेही दोनदा टिचकी मारायची. बोट उजवीकडे झटकले की पुढची गोष्ट, डावीकडे झटकले की मागची. आपल्या गटातील एखादा संदेश त्या गृहस्थांना असा ऐकू येत असेल : पाठवणाऱ्याचे नाव, मग मजकूर, मग वेळ. त्यानंतर बोटाचा पुढचा झटका आणि पुढचा संदेश.

डोळस माणूस साठ संदेशांवरून नजर फिरवतो, लांबलचक शुभेच्छा ओलांडतो आणि जिथे वाद पेटला आहे तिथे थांबतो. कानाला अशी नजर फिरवता येत नाही. मजकूर रांगेने येतो आणि रांग मोडायची असेल तर ती कुठे मोडावी हे आधी ठरवावे लागते. म्हणून अनुभवी मंडळी आवाजाचा वेग वाढवतात. साध्या बोलण्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने ऐकणारे माझ्या ओळखीचे अनेक जण आहेत. शेजारी बसलेल्याला ती केवळ कुरकुर वाटते. दुसरी युक्ती अशी की, संदेशाचे पहिले चार शब्द ऐकायचे आणि काही हाती लागेलसे वाटले नाही तर तिथेच पुढे सरकायचे. म्हणजे ज्याने मुद्दा पहिल्या ओळीत मांडला त्याचे आम्ही सगळे ऐकतो. 'सर्वांना सादर प्रणाम, आजच्या मंगल प्रभाती' अशी सुरुवात करणाऱ्याचे, प्रामाणिकपणे सांगायचे तर, क्वचितच.

ही साधने काही आजची नाहीत. संगणकावरील जॉज हा स्क्रीन रीडर 1989 मध्ये अमेरिकेत टेड हेंटर यांनी बाजारात आणला. ते मोटारसायकलच्या शर्यतीत उतरणारे गृहस्थ. 1978 मधील अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. जॉज उत्तम होता आणि आहे, परंतु त्याची किंमत आपल्याकडील बहुतेक घरांना परवडणारी नव्हती. चित्र पालटले ते 2006 पासून. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांनी एनव्हीडीए हा विंडोजवरील स्क्रीन रीडर तयार करून विनामूल्य खुला केला. मग 2009 मध्ये आयफोनवर व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडवर टॉकबॅक आले. त्याआधी नोकियाच्या फोनमध्ये टॉक्स नावाचा प्रोग्रॅम वेगळा विकत घेऊन घालावा लागे. आपल्या गटातील गृहस्थ वयाने ज्येष्ठ असतील तर या आठवणी त्यांच्याकडूनच ऐका.

प्रश्न : मी एका वाचनगटाचा व्यवस्थापक आहे. आमच्याकडील दृष्टिहीन सभासद मजकुरावर भरभरून लिहितात, मात्र कात्रणे, निमंत्रणपत्रिका, सुविचारांची चित्रे यांवर कधीच बोलत नाहीत. काही वेळा ते अर्ध्या तासापूर्वीच्या मुद्द्याला उत्तर देतात आणि इतरांचा गोंधळ उडतो. आमचे कुठे चुकते आहे का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : अर्ध्या तासाचे कारण वर आलेच आहे. त्यावर साधा उपाय आहे : प्रत्येकाने, डोळसांनीही, ज्या संदेशाला उत्तर द्यायचे तो संदेश जोडून उत्तर द्यावे. 'वरच्या मताशी सहमत' या वाक्यातील 'वर' डोळ्यांना दिसते, कानाला नाही. तोपर्यंत मध्ये सात संदेश आलेले असतात आणि सहमती नक्की कोणाशी, हे शोधण्यासाठी आम्हांला ते सातही पुन्हा ऐकावे लागतात.

चित्रांचा मुद्दा अधिक मोठा आहे. वर्तमानपत्राच्या कात्रणाचा फोटो आपल्याला लेख दिसतो. स्क्रीन रीडरला तो केवळ 'फोटो' असतो. चित्रातील अक्षरे ओळखणारी ॲप आता चांगली झाली आहेत आणि छापील देवनागरी त्यांना बऱ्यापैकी वाचता येते, हे खरे. पण त्यासाठी चर्चा सोडून चित्र दुसऱ्या ॲपमध्ये न्यायचे, वाकड्या फोटोतील दोन रकाने एकमेकांत मिसळलेले ऐकायचे, त्यातून अर्थ लावायचा आणि परत यायचे. तोवर गट पुढच्या विषयावर गेलेला असतो. लेखाचा दुवा असेल तर फोटोऐवजी दुवा पाठवा. नसेल तर फोटोखाली दोन ओळी लिहा : कात्रण कशाचे आहे आणि त्यातला वादाचा मुद्दा कोणता. फेसबुक 2016 पासून चित्राचे वर्णन आपोआप करते, पण ते वर्णन 'दोन माणसे, झाड, बाहेर' या थाटाचे असते. त्या दोन माणसांपैकी एक आपले अध्यक्ष आहेत आणि ते झाड संमेलनाच्या मांडवावर पडलेले आहे, हे माणसालाच सांगावे लागते.

मराठीची स्वतःची अशी एक अडचण आहे आणि ती मुद्रकांना व संपादकांना चांगली ठाऊक असते. कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फाँटमध्ये जुळवलेला मजकूर पीडीएफमध्ये सुरेख मराठी दिसतो, परंतु आत प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात. त्यांना देवनागरीचा केवळ मुखवटा चढवलेला असतो. स्क्रीन रीडर मुखवटा पाहत नाही, आतली अक्षरे वाचतो. परिणामी दिवाळी अंकातील उत्तम कथा आमच्या कानावर स्वल्पविराम, कंस आणि इंग्रजी अक्षरांच्या वर्षावाच्या रूपाने येते. तोच मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आतही खरी देवनागरी अक्षरेच साठवणाऱ्या पद्धतीत असेल तर काहीही करावे लागत नाही. आपल्या गटात पीडीएफ फिरत असतील तर एक चाचणी करून पाहा : त्यातील एक ओळ कॉपी करून संदेशाच्या चौकटीत चिकटवा. मराठी उमटली तर ती आम्हांला वाचता येईल. खिचडी उमटली तर आम्हांला तीच खिचडी ऐकू येते.

रोमन लिपीतील मराठीचेही असेच. 'तो पण आला' हे रोमन अक्षरांत लिहिले की इंग्रजी आवाज ते 'टू पॅन आला' असे काहीसे म्हणतो. सवयीने अर्थ लागतो, मात्र विनोद हरवतो. देवनागरी मजकूर हिंदी आवाजात ऐकणाऱ्यांची गत थोडी बरी. त्यांचे ज्ञान तेवढे 'ग्यान' होते. आता मराठीचे वेगळे आवाज उपलब्ध आहेत, तरी चहाचा च आणि चमच्याचा च लिपीत एकच असल्यामुळे ते कधी कधी अडखळतात. त्याला आपला गट जबाबदार नाही.

भावचित्रे वापरू नका, असे मी मुळीच म्हणणार नाही. आम्हीही ती वापरतो. फक्त ती वाक्याच्या शेवटी एक-दोनच असावीत, कारण प्रत्येक भावचित्राचे नाव उच्चारले जाते. काही स्क्रीन रीडर सलग आलेली सारखी चित्रे मोजून सांगतात, पण जिथे तसे होत नाही तिथे दहा नमस्कारांची ओळ म्हणजे दहा वेळा 'फोल्डेड हँड्स' ऐकणे. तारका आणि बरोबरच्या चिन्हांनी सजवलेल्या चौकटींची गोष्ट वेगळी सांगायला नको.

प्रश्न : मग आम्ही त्यांच्यासाठी सगळे ध्वनिसंदेशच पाठवू का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नको. मजकूर मला हव्या त्या वेगाने, शब्दाशब्दाने, हवा तितक्या वेळा ऐकता येतो. त्यातले नाव शोधता येते आणि वाक्य उचलून उद्धृत करता येते. चार मिनिटांच्या ध्वनिसंदेशात मुद्दा तिसऱ्या मिनिटाला असतो आणि तिथवर पोहोचायला सगळ्यांसारखा मलाही वेळ लागतो. शिवाय काही सभासदांना अंधत्वाबरोबर बहिरेपणही असते; ते ब्रेल पट्टीवर वाचतात. या पट्टीवर बारीक टाचण्या वर-खाली होऊन ब्रेल अक्षरे उमटतात. त्यांना मजकूर पोहोचतो, आवाज पोहोचत नाही.

प्रश्न : आमचे महाराष्ट्र मंडळ दरमहा झूमवर परिसंवाद घेते. भारतातून काही दृष्टिहीन श्रोतेही येतात. संयोजक म्हणून आम्ही काय काळजी घ्यावी? — मंडळाच्या एक कार्यकर्त्या, लंडन

उत्तर : झूम कळफलकावरून चांगले चालवता येते. विंडोजवर अल्ट आणि ए दाबले की आपला माइक चालू-बंद होतो, अल्ट आणि वाय दाबले की हात वर होतो. म्हणजे आपल्या दृष्टिहीन श्रोत्यांना स्वतः बोलायला येण्यात अडचण नसते. अडचण होते ती दोन आवाज एकाच वेळी कानात येतात तेव्हा. वक्ते बोलत असतात आणि गप्पांच्या चौकटीत कोणी 'वा', 'छान', 'आवाज येत नाही' असे लिहीत असते. स्क्रीन रीडर यांतले प्रत्येक वाक्य वक्त्यांच्या बोलण्यावर वाचून दाखवतो. ती सूचना बंद करता येते, पण मग त्या चौकटीत विचारलेला महत्त्वाचा प्रश्नही कानावर येत नाही. सूत्रसंचालकाने प्रश्न मोठ्याने वाचावेत, हा यावरचा जुना आणि पुरेसा उपाय आहे.

सामायिक केलेला पडदा आमच्यापर्यंत केवळ चलच्चित्र म्हणून पोहोचतो. त्यातील एक अक्षरही वाचले जात नाही. सादरीकरणाची फाइल आदल्या दिवशी पाठवली तर आम्ही ती आधी ऐकून येतो. आणि 'इथे तुम्हांला दिसतेच आहे' असे म्हणण्याऐवजी वक्त्यांनी तिथे काय आहे ते एका वाक्यात सांगितले, तर भाजी चिरता चिरता ऐकणाऱ्या डोळस श्रोत्यांचीही सोय होते. बोलण्याआधी प्रत्येकाने नाव सांगावे, म्हणजे कोण कोणाला खोडून काढत आहे ते कळते.

नोंदणी-अर्जावर 'चित्रातील वाकडी अक्षरे ओळखा' असली पायरी ठेवू नका. एका परिसंवादाच्या दारातून मी या पायरीमुळे परत फिरलो आहे. विषय होता 'सर्वसमावेशक समाज'. भारतात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 42 व्या कलमात इलेक्ट्रॉनिक माध्यमांच्या सुगम्यतेची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे, आणि 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ग्राहकांची ओळख ऑनलाइन पटवण्याच्या पद्धतीसंबंधी निकाल देताना, डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या 21 व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्या याचिकाकर्त्यांत ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती होत्या आणि एक दृष्टिहीन वकीलही होते.

प्रश्न : माझ्या वडिलांची दृष्टी मधुमेहामुळे गेल्या वर्षी गेली. वय 67. पूर्वी ते मित्रांच्या गटात राजकारणावर तावातावाने लिहीत. आता फोन उचलतही नाहीत. मी त्यांना संदेश वाचून दाखवते, पण ते उत्तर सांगत नाहीत. काय करावे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : मुलीला सांगून मित्रावर तोंडसुख घेता येत नाही. उत्तर न सांगण्याचे कारण बहुधा इतके साधे असेल. त्यांना त्यांचा फोन परत मिळवून द्या.

अँड्रॉइड असेल तर सेटिंगमधील सुगम्यता विभागात टॉकबॅक सुरू करा आणि तिथेच आवाज कमी-जास्त करण्याच्या दोन्ही कळा काही सेकंद एकत्र दाबून तो चालू-बंद करण्याची सोय लावून ठेवा, म्हणजे घरातील इतरांना फोन हाताळताना घाबरायला नको. आवाज मराठी ठेवा आणि वेग सुरुवातीला अगदी सावकाश. पहिला आठवडा त्यांनी फक्त बोट झटकून ऐकावे, काहीही उघडू नये. मग एकच गट, एकच काम : शेवटचा संदेश शोधणे. लिहिण्यासाठी आरंभी बोलून टंकन करावे; विरामचिन्हे पडणार नाहीत, वाक्ये एकमेकांना चिकटतील, पण राजकारणाच्या वादात त्याने कोणाचे अडलेले मी पाहिलेले नाही. इअरफोन एकाच कानात घालावा, दुसरा कान घरासाठी मोकळा राहतो. आणि कृपा करून त्यांच्या हातातून फोन ओढून 'थांबा, मी करते' असे म्हणू नका. तीन मिनिटे लागली तरी लागू देत.

पुढे लॅपटॉपवर काम करावेसे वाटले तर एनव्हीडीए मोफत आहे. शिकण्यासाठी मुंबईत 1952 पासून काम करणारी नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था आहे, सेंट झेवियर्स महाविद्यालयात 2003 पासून चालू असलेले दृष्टिहीनांसाठीचे संसाधन केंद्र आहे. ठाण्याहून दोन्हींकडे चौकशी करणे सोपे आहे. औषधाच्या बाटलीवरचे नाव किंवा पत्रातील चार ओळी पाहायला घरात कोणी नसेल तेव्हा बी माय आइज हे ॲप उपयोगी पडते. 2015 मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या या ॲपवर डोळस स्वयंसेवक व्हिडिओ कॉलवरून वाचून सांगतात.

प्रश्न : मी अंध असून एम. ए. करतो. एका साहित्यचर्चेच्या गटात मी समीक्षेचा मुद्दा मांडला. एका ज्येष्ठ सभासदाने मुद्दा सोडून माझ्या पहिल्या-दुसऱ्या वेलांट्या काढल्या. त्यांचे वाक्य इथे जसेच्या तसे चिकटवतो : 'आधी एखाद्या तज्ञाकडून शुद्धलेखन शिकून घ्या आणि मग समीक्षा करा.' तेव्हापासून लिहिण्याआधी हात थांबतो. मी माझे लेखन कसे तपासू? — एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : मराठीत ऱ्हस्व-दीर्घ बोलण्यात पुरेसे उमटत नाही, आणि कृत्रिम आवाज वेगाने चालवला की उरलासुरला फरकही पुसला जातो. 'कि' आणि 'की', 'पाणि' आणि 'पाणी' कानाला सारखेच. डोळस माणसाचे शुद्धलेखन पुष्कळसे पाहून पाहून घडते. शब्द चुकला की तो 'विचित्र दिसतो'. तुम्हांला शब्द विचित्र ऐकू येत नाही. त्यामुळे तुमच्या चुका अज्ञानाच्या असतीलच असे नाही, बऱ्याचदा त्या वाटेतल्या असतात. तरी त्या सुधारता येतात, आणि साहित्यावर लिहायचे असेल तर सुधाराव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

अक्षराअक्षराने ऐकणे हा पहिला उपाय, पण तो कंटाळवाणा आहे आणि प्रत्येक आवाज वेलांटी पहिली की दुसरी हे नीट सांगतोच असे नाही. मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो बोटांचा उपाय. तुम्ही उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरे दाबून देवनागरी उमटवणारा कळफलक वापरत असाल तर तो सोडा आणि इनस्क्रिप्ट हा थेट देवनागरी अक्षरांचा कळफलक शिका. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला असतात. एफ या कळीवर जो उंचवटा आपल्याला चाचपता येतो, तिच्यावरच पहिली वेलांटी आहे, आणि तिच्या वरच्या ओळीत, आर वर, दुसरी. शेजारी जी वर पहिला उकार, त्याच्या वर टी वर दुसरा. म्हणजे ऱ्हस्व मधल्या ओळीत, दीर्घ वरच्या ओळीत. 'समीक्षा' लिहिताना बोट वर गेले पाहिजे, 'कविता' लिहिताना जागेवर राहिले पाहिजे. दोन-तीन महिन्यांत शब्दाचे स्पेलिंग कानाऐवजी हातात बसते.

दुसरा आधार ब्रेलचा. ब्रेलचे अक्षर सहा क्रमांकित ठिपक्यांच्या चौकटीत बसते. 1951 मध्ये स्वीकारल्या गेलेल्या भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये, इ आणि ई ही दोन अगदी वेगळी अक्षरे आहेत : पहिलीचे ठिपके दुसरा आणि चौथा, दुसरीचे तिसरा आणि पाचवा. शाळेत ब्रेल वाचलेल्या माणसाच्या बोटाला शब्द चुकीचा 'लागतो', जसा डोळसाला तो चुकीचा दिसतो. आमच्या पिढीला शाळेतील ब्रेल पुस्तकांनी हे दिले. नव्या पिढीच्या हाती फोन लवकर आला आणि ब्रेल मागे पडले, याची मला खंत आहे. स्वतःची ब्रेल पट्टी महाग असते, परंतु विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा एखाद्या संस्थेत ती असेल तर महत्त्वाचा मजकूर पाठवण्याआधी एकदा तिच्यावरून बोट फिरवा. एनव्हीडीए मराठी ब्रेल दाखवतो. स्पर्शज्ञान हे 2008 मध्ये सुरू झालेले मराठी ब्रेल नियतकालिक मिळवून वाचत राहा. छापील शब्दांची अशी ओळख केवळ ऐकून होत नाही.

मुद्दा मात्र त्यासाठी थांबवू नका. तुमचे पत्र मी ब्रेल पट्टीवर वाचले. तुमच्या चुका सहा आहेत, सगळ्या वेलांट्यांच्या. ज्येष्ठ सभासदांच्या वाक्यापाशीही बोट एकदा अडले : 'तज्ज्ञ' या शब्दात आणखी एक ज असतो.